अनुस्वार

गाडी घेतली तेव्हा मागच्या फाळक्यावर
नाव घालायला दिलं गंगावेशीतल्या पेंटरला.
संपदा. पोरीचं नाव.
त्यानं लिहिलं, सपदा.
वरचं टिंब राहिलं.
म्हणाला, वाळू द्या, उद्या या,
टिंबाला किती वेळ लागतोय?

उद्या कुणाला सवड होती?
वडणग्याच्या गुऱ्हाळावर ढेपा थांबलेल्या,
मार्केट यार्डात हमाल थांबलेले.
एकवीस महिने गाडी सपदा म्हणूनच फिरली.

मग एका रविवारी धुताना
बोट अडलं.
स च्या डोक्यावर मोहरीएवढा फोड.
टिंब पाहिजे होतं, नेमकं तिथं.
बायकोला दाखवलं तर म्हणाली,
बघा, लोखंडाला शुद्धलेखन येतंय.

हसलो. मग खाली वाकलो
आणि हसू तिथंच राहिलं.
चाकाच्या कमानीवर अशीच मोहरीची पेर.
नख दाबलं, पोपडा आत गेला,
चहाच्या रंगाचं पाणी आलं.
बॉनेटवरचं लॅकर सुटलेलं,
उन्हात सोललेल्या खांद्यासारखं.
हौद्याच्या कोपऱ्यात काकवी ठिबकून ठिबकून
पत्रा असा झालेला की झाडू मारला
तर झाडूबरोबर थोडी गाडीही निघावी.

अजून सत्तावीस हप्ते बाकी.

हायवेवरच्या शोरूममध्ये टायवाल्या पोरानं
मोबाईलवर सोळा फोटो काढले.
महापुरात उभी होती का गाडी?
अहो, तेव्हा ही कारखान्यातसुद्धा नव्हती.
मग कबुतरं? मग गूळ? मग हवामान?
शेवटी कागद वळवून दाखवला, बारीक अक्षरं:
आतून बाहेर गंजली तर कंपनीचं,
बाहेरून आत गंजली तर तुमचं.
आणि आरपार भोक पडल्याशिवाय
क्लेम बसत नाही.
म्हणजे मी आता भोकाची वाट बघायची,
पोराच्या निकालाची बघतात तशी.

उद्यमनगरात बाबालाल मिस्त्री
काही विचारत नाही.
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ पत्र्यावर वाजवत जातो,
टण, टण, टण,
भद.
तिथं खडूनं गोल करतो.
वर मोहरी दिसतीया,
खाली भाकरीएवढं पसरलंय, म्हणतो.
घाईचा रंग हाय ह्यो. प्रायमर नुसता दाखवलाय.

लांबी भरून रंग मारला तर उद्या गाडी न्या,
आणि पाडव्याला परत या.
नायतर चार दिवस द्या,
कोऱ्या पत्र्यापतूर जातो.

चार दिवस म्हणजे अकरा फेऱ्या.
मी बोटांवर मोजलं, मग परत मोजलं,
आकडा तोच आला.
घासा, म्हटलं.

ग्राइंडर लागला आणि पांढरा रंग उडाला,
त्याखालचा राखाडी, त्याखालचा तांबूस भुगा,
बाबालालच्या भुवयांवर, माझ्या डब्यावर.
आणि मग एकदम
पत्रा दिसला.
स्वतःच्याच रंगाचा, ओलसर वाटावा असा चकचकीत.
एवढे हप्ते भरले,
विकत घेतलेली वस्तू आज पहिल्यांदा बघत होतो.
हात पुढं गेला.

हात लावू नका, बाबालाल ओरडला.
घामानं बी गंजतंय.

हात खिशात घातला.
ढेपा उचलणारा, फाळका रोज आपटून लावणारा,
वर कुणाला दिसू नये म्हणून
पोरीच्या नावावर जाता जाता टेकणारा हात.
किती गंज कंपनीचा
आणि किती माझ्या तळव्याचा,
हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी
बाबालालनं तोच पेंटर बोलावून आणला.
म्हातारा झालेला, बिडी तीच.
त्याला झालेलं सगळं सांगितलं.
तो काही बोलला नाही. ब्रश बुडवला
आणि कोऱ्या फाळक्यावर
आधी टिंब मारलं.
मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला
आणि त्याच्याखाली स काढला.

गाडी परत वडणग्याला जाते.
हौद्यात आता जाड रबर अंथरलाय, काकवी वर राहते.
रविवारी धुताना मी टिंबावर नख टेकवतो,
हळू दाबतो.

रंगच आहे.
अजून तरी.