निळा खुराक

दर सोमवारी मी उंदरांची वजनं घेते.
स्टीलच्या भांड्यात एकेक, शेपटीला धरून.
काटा थरथरतो, कारण उंदीर थरथरतो.
मग क्षणभर दोघंही थांबतात. तो आकडा खरा.

देजॉनच्या या इमारतीत तळघराला खिडकी नाही.
दिवस बारा तासांचा, रात्र बारा तासांची,
दोन्ही भिंतीवरच्या एकाच बटणातून येतात.

पहिल्या रांगेला साधा खुराक, कोंड्याच्या रंगाचा.
बाकीच्यांना निळा.
मेणासारखा मऊ, बोटांचा तेलकट वास साबणाला दाद देत नाही.
रंग आमच्यासाठी, गल्लत होऊ नये म्हणून.
उंदरांना रंगाचं काय!
दोन्ही हातांनी धरून खातात,
कुणी मधेच उठवेल या भीतीनं.
आठव्या आठवड्यात त्यांना मान उरत नाही.

नवव्यापासून तुतीच्या पानांचा अर्क, चौथ्या रांगेला.
प्यो सोन-हे बाई स्वतः आणतात, तपकिरी बाटलीतून.
सुई नाही, बोथट नळी, घशातून थेट पोटात.
"मावशी, घट्ट धरा."
मी घट्ट धरते,
आणि बाटलीचं बूच निघालं की मला सांगजू आठवतं.

सांगजूत आमच्या घरी माणसांना एक खोली,
रेशीमकिड्यांना दोन, शेगडीही त्यांचीच.
रात्री दोनला आई हलवायची:
ऊठ मालसुन, पोरांना भूक लागलीय.
पोरं म्हणजे ते. मी आणि भाऊ नव्हे.
ओलं पान चालायचं नाही त्यांना,
एकेक पुसायचं फडक्यानं, पेंगत पेंगत.
ते खायचे, फुगायचे, कातडी फाटेस्तोवर फुगायचे,
कात टाकून पुन्हा खायला बसायचे.
कुणी त्याला आजार म्हटलं नाही.
वजनाला भाव होता.
मग उकळतं पाणी.
धागा निघाल्यावर आत जे उरायचं
ते आम्ही मीठ लावून खायचो.

पान तेच. एकाला फुगवायला, एकाला ओसरवायला.
मी बाईंना हे बोलून दाखवलं. त्या हसल्या,
वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

माझी साखर एकशे अठ्ठावीस, उपाशीपोटी.
दवाखान्यातला मुलगा म्हणाला, आजी, चालत जा, नूडल्स सोडा.
सोडते की.
पण रात्रपाळीत दोन वाजता कोपऱ्यावरचं दुकान तेवढं उघडं असतं.
कपात गरम पाणी, तीन मिनिटं, वर लाल तवंग.
दोन्ही हातांनी धरून खाते.
माझ्या पिंजऱ्यावर कुणी चिठ्ठी लावली असेल
तर ती बाहेरच्या बाजूला आहे.

सोळाव्या आठवड्यात बाईंचा चेहरा उजळला.
चौथ्या रांगेची वजनं उतरलेली, साखरही.
दुसऱ्या दिवशी यकृतं काढली.
निळं खाल्लेल्यांची फिकट, लोण्याचा हात लागल्यासारखी.
अर्कवाल्यांची गडद लाल.
"किती सुंदर," बाई म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या.

मी पिंजरे धुवायला नेले.
चौथ्या रांगेतला सतरा नंबर नळी चावायचा,
रोज अर्धा अर्क माझ्या मनगटावर सांडायचा.
त्याचं यकृतही गडदच निघालं.
हे कुठल्या रकान्यात जातं, मी विचारलं नाही.

गच्चीवर फुटक्या बादलीत तुतीचं रोप आहे, आपोआप उगवलेलं.
सकाळी एक पान तोडलं.
कोरडं होतं, तरी पुसलं.
चावलं. कडू नाही, गोड नाही,
आणि तोंडातून आवाज आला तो ओळखीचा,
दोन खोल्या भरून यायचा तो.