योगदान नाही

नगरपालिकेने दिलाय एक नकाशा,
टोक केलेली पेन्सिल आणि तासाला अठरा डॉलर.
दर इमारतीमागे एक फॉर्म:
बांधल्याचं साल, विटेचा रंग, छपराचा उतार,
खिडक्या मूळच्या की बदललेल्या,
आणि तळाशी दोन चौकटी.
ऐतिहासिक विभागात योगदान आहे. योगदान नाही.
एकीत फुली मारायची, पुढच्या दाराशी जायचं.

फ्रंट स्ट्रीट सोपा गेला.
ऑपेरा हाउस, १८८१. वर कबुतरं, खाली गालिच्यांचं दुकान.
छज्जा पत्र्याचा, पण रंग असा दिलेला
की रस्त्यावरून दगडच वाटावा.
त्या काळी थापा मारायलाही लोक चांगला कारागीर बोलवायचे.
बँक, १८९३. चार खांब.
कोपऱ्यावरचं घड्याळ चार वाजून दहाला अडलेलं;
त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.
आहे, आहे, योगदान आहे.

बटणांच्या कारखान्याला शिडी लावून
ऑरिन डाल्के सांध्यांतलं सिमेंट खरवडतोय.
त्याच्या भुवयांवर लाल भुकटी.
"सिमेंट हट्टी," वरूनच सांगतो,
"भिंत जरा हलली की हे हलत नाही, मग वीट फुटते.
चुना नमतं घेतो."
बायको डेन्व्हरला गेली त्याला आता नऊ वर्षं झाली.
मी लिहिते: दरजा चुन्याच्या, काम चालू.

इथे मिसिसिपीतल्या शिंपल्यांची बटणं व्हायची.
यंत्र शिंपल्यातून चकत्या कापून घ्यायचं,
उरलेली चाळण मागच्या गल्लीत फेकायचे.
अजून मार्चमध्ये बर्फ विरघळलं की ती वर येते,
चिखलात चमकणारी भोकंच भोकं:
सदरे कधीच विरले,
बटणं कुठे गेली कुणास ठाऊक,
त्यांच्या जागा तेवढ्या राहिल्या.

नकाशावरची रेघ नदीकाठाने येते,
सेकंड स्ट्रीट ओलांडते
आणि या गल्लीपाशी येऊन वळते,
काटकोनात,
ओळखीचं कुणी समोरून आल्यावर आपण वळतो तशी.

पलीकडे शेल स्ट्रीट. माझं काम नव्हतं तिथे.
व्हर्लीन टिब्ज ओसरीवर शेंगा सोलत होती,
म्हणाली, ऊन फार आहे, कॉफी घे.
घर १९०४ चं. पणजोबा इझेल दिवसा शिंपल्यांच्या पाट्या वाहायचा,
रात्री कंदिलाच्या उजेडात हे बांधायचा.
"आमचं का नाही यात?"
मी म्हटलं, बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या मारल्यात,
मूळ लाकूड दिसत नाही,
नियमात बसत नाही.
"त्या अठ्ठ्याहत्तर साली मारल्या," ती म्हणाली.
"त्या बँकेने आम्हाला पहिल्यांदा कर्ज दिलं
त्या वर्षी."
मग जिना दाखवला, तळघराचा.

खाली ओल होती, रताळ्यांचा वास होता.
तिने दिवा लावला नि पाया उजळला:
दगड आणले असतील थोडेच,
बाकी भरलेत शिंपले, हजारांनी, थरावर थर,
प्रत्येकाला गोल भोकं पडलेली.
मी एकात बोट घातलं.
आत गार होतं
आणि बोट थोडं अडकलं.

वर आल्यावर तिने विचारलं,
"योगदान म्हणजे, कशात?"
मी म्हटलं, विचारून सांगते.
ती हसली नाही. कॉफीत दूध घातलं,
माझ्याकडे शेंगांची परात सरकवली.

रात्री जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
पेन्सिल दिवसभरात बोथट झाली,
रेघ जाड उमटते.
या मापाने पाहिलं तर
जाड रेघेत एक गल्ली मावते,
गल्लीपलीकडचं एखादं घरही.
टोक करायला हवं.
करेन उद्या.