पाच किलो चारशे

गुदैबियातल्या त्या दुकानात शिरलो
तेव्हा खिशात सामानाचा काटा होता.
तोच, आकडीचा,
सुटीवर निघायच्या आदल्या रात्री
बॅगेच्या कानाला लावून
घरातले सगळे श्वास धरतात तो.

रेनाटो हसला नाही.
तोही शुक्रवारी कुठल्याशा हॉटेलात वाजवतो,
पाठ म्हणजे काय हे त्याला कळतं.
एकेक कीबोर्ड पट्ट्यात अडकवून तो उचलून धरी,
मी आकडा वाची.
अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा : एकवीस किलो सातशे.
वाजवून पाहिला. बोट खाली जातं
आणि खालून कुणीतरी हात देतं, असा.
त्र्याहत्तरवाला अकराच्या वर.
एकसष्ट पट्ट्या, प्लॅस्टिकचं अंग,
वीज गेली तर बॅटरीवर : पाच किलो चारशे.
ह्याच्या पट्ट्या पोकळ.
बोट पडतं ते पडतंच.

आवाज आधी ऐकायला हवे होते, मान्य.
आठशे आहेत म्हणे.
सतारीचा म्हणून जो आहे
तो सायकलच्या तारेला नख लावल्यासारखा.
ऑर्गन मात्र खरा,
आणि डाव्या हाताला एक चाक :
सा धरून ढकललं
तर घसरत, लाडात येत, रे पर्यंत गेला.
माझ्या पेटीनं जन्मात हे केलं नसतं.

पेटी मी गेल्या ऑगस्टात रेकॉर्ड केली होती,
एसी बंद करून,
कारण माईकला त्याची घरघर आधी ऐकू येई
आणि मी नंतर.
चौथ्या मिनिटाला काळी दोनवर घामाचा थेंब,
पाचव्याला वरच्यांनी खुर्ची ओढली.
हा वायरीनं थेट आत जातो.
ह्याला खोली ऐकूच येत नाही.

‘कोण उचलणार? एकटाच?’ रेनाटोनं विचारलं.
एकटाच, म्हणालो.
मी काही सांगायच्या आत
त्यानं अठ्ठ्याऐंशीवाला जागेवर ठेवून दिला.

जुना तेवीस किलोचा होता.
त्याला दोन टोकं होती.
एका टोकाला मी, दुसऱ्याला परकार,
त्याच्या पाठीवर तबल्याची पिशवी.
आमच्या इमारतीची लिफ्ट
एका रमझानपासून दुसऱ्या रमझानपर्यंत बंद.
मंडळाचा कार्यक्रम असो, कुणाचं बारसं असो,
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकवायचं
आणि तो म्हणायचा, डावीकडनं घे.
एकोणीस वर्षं मी डावीकडनंच घेत होतो.

मार्चमध्ये कंपनीनं त्याचा व्हिसा कॅन्सल केला.
ह्याच काट्यावर त्याची बॅग टांगली :
एकोणतीस किलो आठशे.
‘दोनशे ग्रॅम उरले रे,’ तो म्हणाला,
‘काय भरू?’
तबल्यावर आणि पेटीवर
आम्ही दोघांनी मिळून अर्धा संपवलेला
पावडरचा डबा दिला.
काटा तो इथंच विसरला.

एकशे चाळीस दिनार. स्टँड वेगळा.
स्टँडचं वजन करायचं राहून गेलं.

शाळेच्या दप्तरासारखा पाठीला लावून
जिना चढलो.
दम लागला नव्हता,
तरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर
थांबलो.
वरून उतरणारी बंगाली बाई
मी बाजूला व्हायची वाट बघत राहिली.

रात्री एक गत वाजवली,
एसी चालू, हेडफोन कानात,
आणि खेडला पाठवली.
सकाळी त्याचा निरोप आला, मागे कोंबडा आरवतोय :
‘गत धावतेय बघ.
डावा हात हवेत आहे तुझा,
बोट टेकतच नाय.
हलका घेतलास ना?’

तीनदा ऐकलं.
मग, काही गरज नसताना,
एसी बंद केला
आणि पहिल्यापासून सुरू केलं.