एकसष्ट टक्के

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटवरच्या धर्मादाय दुकानात
मंगळवारी-गुरुवारी मी गल्ल्यावर असते.
गेलेल्यांचे कोट इथे चार पौंडांना जातात,
किटल्या दोनला,
पुस्तकं पन्नास पेन्सला एक.
अठ्ठ्याहत्तरच्या नाताळात कुणीतरी कुणा पॅमला दिलेली कादंबरी
मी स्वतः तीनदा विकली आहे.
परत येते, परत जाते.
पॅमची परवानगी कुणी विचारली नाही. छापणाऱ्याचीही नाही.

विल्फ हारगेट आला तो टोपी हातात घेऊन.
बायकोचं वाचायचं यंत्र, पाटीएवढं,
तिनंच विणलेल्या लोकरी पिशवीत.
ग्लेनिस जानेवारीत गेली.
विकायचं नव्हतं त्याला.
"सुरू करून दे फक्त. तीनशे चाळीस पुस्तकं आहेत तिची आत.
शेवटचं अर्धवट राहिलंय.
खुनी कोण ते बघतो, आणि जाऊन सांगतो तिला."

बॅटरी चार्ज झाली. पडदा उजळला.
खाली बारीक अक्षरात: एकसष्ट टक्के.
माळ्याच्या जबानीवर तिनं पिवळं फासलेलं,
शेजारी टीप:
खोटं बोलतोय. विल्फसारखाच कान खाजवतो.
मी वाचून दाखवलं.
विल्फ हसला, कान खाजवत.

मग मी शहाणपणा केला.
अक्षर मोठं करून देते म्हटलं,
आणि यंत्र दुकानाच्या वायफायला जोडलं.
ग्लेनिस गेल्याचं त्याला तोवर माहीत नव्हतं.
कंपनीला होतं. विल्फनंच कळवलेलं फेब्रुवारीत,
रीतसर, दाखल्याची प्रत जोडून.
तीनशे चाळीस.
मग शून्य.
पुस्तक हातातून पडलं तर निदान धप्प तरी होतं.

फोनवरचा मुलगा सौम्य होता.
मॅडम, त्या पुस्तकं नव्हत्या घेत,
वाचण्याचा परवाना घेत होत्या.
परवाना वारसाकडे जात नाही.
अरे पण बटणावर 'खरेदी करा' लिहिलंय, मी म्हटलं.
हो, म्हणाला. बटणावर तसंच लिहितात.

माझे वडील संगमनेरला तलाठी कचेरीत कारकून.
मालक वेगळा आणि भोगवटादार वेगळा,
हे मला बाराखडीच्या आधी कळलं.
कसेल त्याची जमीन, हे सांगताना
त्यांचा भाताचा घास हातातच राहायचा.
त्या मुलाला काय सांगणार होते मी?
की अकरा वर्षं ही बाई हे कसत होती,
रोज रात्री, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
जागोजाग पिवळे बांध घातलेत तिनं,
सातबाऱ्यावर नाव नसेना का, पण...
आणखी काही मदत करू शकतो का, त्यानं विचारलं.

विल्फ म्हणाला, जाऊ दे.
लोकरीची पिशवी तेवढी घडी करून परत नेली.

ऑक्टोबरात क्लीथॉर्प्सहून आलेल्या खोक्यात
तेच पुस्तक निघालं, कागदी,
कडेला कुणाच्या तरी चहाचा डाग.
शेवटचं पान जागेवर आहे ना, एवढंच बघितलं,
डोळे बारीक करून, शब्द लागू न देता.
तीनशे वीस पानं. पावतीच्या पाठीवर गणित केलं.
एकशे पंच्याण्णव.
माझे पन्नास पेन्स गल्ल्यात टाकले,
पावती त्या पानात घातली
आणि नेऊन दिलं.

आता तो दर गुरुवारी येतो.
पुस्तक कोटाच्या खिशात, खिसा त्या आकाराचा झालाय.
पावती अजून एकशे पंच्याण्णववरच आहे.
मी विचारत नाही.
त्याचं आहे ते.
न वाचता ठेवायचं असेल,
तर तेही त्याचंच.