गोचीड मोजताना

मुखेडच्या पुढं, बाऱ्हाळीच्या रस्त्याला
इरबा गवळ्याच्या गोठ्यात मी एकच बाजू मोजते.
डावी. मग दुप्पट करायचं, रीत आहे तशी.
शेवरीच्या अंगावर सतरा.
शेजारच्या जर्सीवर दोनशे अकरापर्यंत आले,
कानाच्या आत बोट घातलं आणि मोजणं सोडलं.

इरबा म्हणतो, "म्याडम, दावन एक, कडबा एक,
गोचिडं बी एकाच भिताडातली.
मग हिलाच का?"

कसं सांगू त्याला,
की गोचीड चावायच्या आधी बोलते.
सोंड खुपसते आणि लाळेतून हळूच सांगते,
काही झालं नाही. नीज. रक्ता, गोठू नको.
पहिल्या खेपेला कुठलीही कातडी फसते.
शेवरीचीही फसली असेल, वासरू होती तेव्हा.
पण ती थाप तिच्या कातडीनं ध्यानात ठेवली.
आता सोंड शिरते न शिरते
तोच पुड्या बांधून बसलेल्या दाणेदार पेशी
पुड्या फोडतात. जागा तापते, फुगते, पाझरते,
खाज सुटते.
आम्ही पुस्तकात तिला लक्षण म्हणतो.
शेवरीला ती हाक. मान वळते,
खरखरीत जीभ फिरते, शेपूट, मग बाभळीचं खोड.
अर्धपोटी गोचीड गळते, मुगाएवढी.
कोंबडी टिपते.

जर्सीच्या अंगावर त्या एरंडीच्या बियांएवढ्या झाल्यात,
तशाच चकचकीत.
ती मान वळवत नाही.
खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, ताप एकशे सहा.
गाठीत राखणीला ठेवलेल्या पेशीच
चोराला पोटात घेऊन वाढतायत, दोनाच्या चार.
कानाचं टोक टोचलं, काचपट्टी ओढली, इंजेक्शन दिलं.
इरबानं किंमत विचारली नाही,
बाटलीवरची तारीख तेवढी दोनदा वाचली.

"वेडी नाही रे ती," मी म्हटलं,
"तिच्या आज्या-पणज्यांना ह्या गोचिडी भेटल्याच नव्हत्या."
तो जर्सीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला,
केसांच्या उलट्या दिशेनं.

शेवरी परवा व्याली.
चौत्राबाईनं वाटीत खरवस आणला, गूळ-सुंठीचा.
"वासराला आधी पोटभर पाजला का चीक?"
तिनं पदर नीट केला. "अर्धा पाजला."
पहिल्या दिवसानंतर आतड्याची दारं मिटतात,
आईनं शिकलेलं मग आत शिरत नाही,
हे सगळं जिभेवर आलं होतं.
वाटी हातात होती. खाल्ली.
गोड होती. वासराच्या वाट्याची.

फाट्यावर गाडी थांबवावी लागली.
गुडघ्यामागं काहीतरी खाजत होतं.
हात गेला,
आणि का कोण जाणे, बरं वाटलं.