चंद्रोदय नऊ सतरा

आज संकष्टी. सकाळी साबुदाणा भिजवला
आणि हात पाण्यात असतानाच आठवलं
ग्वांगझौमधलं ते दुमजली हॉटेल.
अंबडच्या कारखान्यासाठी साचे बघायला गेले होते
आणि नेमकी चतुर्थी आली.

आईचा फोन पाथर्डी फाट्यावरून:
"चंद्रोदय नऊ सतरा. आपल्या कॅलेंडरात बघितलाय."
म्हटलं, आई, इथे आत्ताच साडेआठ झालेत.
तुझा चंद्र उगवेल तेव्हा इथे पावणेबारा,
हे लोक खुर्च्या उलट्या करून झोपलेले असतील.
क्षणभर थांबली. "मग त्यांचा धर.
पण बघून धर."

आहेर साहेबांना कसलाच उपास नव्हता.
फोटोंवर बोट ठेवत ठेवत त्यांनी
फिनिक्सचे पंजे मागवले.
आले ते कोंबडीचे पाय, नखं काढलेले.
साहेबांनी एक उचलला, इकडून बघितला, तिकडून बघितला,
आणि देवळाबाहेर चप्पल सोडावी
तसा ताटलीच्या कडेला ठेवला.

गाडा ढकलत एक बाई आल्या, पन्नाशीच्या,
कानामागे पेन्सिल.
माझ्यापुढची बांबूची टोपली त्यांनी उघडली.
वाफ बाजूला सरली, आत चार मोदक,
इतके पातळ पारीचे की आतलं गुलाबी दिसावं.
कळ्या मोजल्या. अकरा.
आईच्या हाताला एकवीस पडतात, पिठी आंबेमोहोराची असेल तर.
आतलं गुलाबी म्हणजे कोळंबी होती.
चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडावं
आणि सॉरी म्हणून लावून घ्यावं,
तसं झाकण परत ठेवलं.

मग खुणा. पोटावर हात, छताकडे बोट, नकाराची मान.
त्यांना काय कळलं कोण जाणे.
आधी वाटलं असेल, हिचं पोट बिघडलंय.
मग वाटलं असेल, वरच्या मजल्यावर जायचंय.
आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या:
नारळाच्या दुधात साबुदाणा.
गार. गोड. शेंगदाण्याचा पत्ता नाही.
चमचा तोंडात तसाच राहिला माझा.
इतक्या लांब येऊन, चतुर्थीलाच,
हा माझ्याआधी येऊन बसलेला!

खिडकीतून नुसत्या इमारती.
मी पुन्हा वर बोट केलं, हाताने एक गोल काढला.
बाई हसल्या, कोपराला धरून मला मागे घेऊन गेल्या,
मोरीतून, ओल्या पालेभाज्यांच्या ढिगामधून,
गॅसच्या टाक्यांपाशी.
दोन भिंतींच्या फटीत होता.
एका बाजूने चेपलेला,
डब्यातून प्रवास केलेल्या मोदकासारखा.
मी हात जोडले. त्यांनी जोडले नाहीत,
पण मी होईपर्यंत थांबल्या, पेन्सिल हातात घेऊन.
मग भात खाल्ला, लसणावर परतलेल्या भाजीशी.
त्यांनी चहा ओतला, आणि शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने शिकवलं:
कुणी चहा ओतला की बोलायचं नाही,
दोन बोटं टेबलावर, टक् टक्.
आभार पोचतात.

आता दुपारी आई चहा ओतते
आणि माझी बोटं ओट्यावर आपोआप.
"काय गं, मुंग्या आल्या?"
सांगितलं.
"एवढं कशाला? आपल्याकडे चहाचे आभार
कोण मानतं?"

नारळाच्या दुधातला साबुदाणा तिने दोन चमचे खाल्ला,
म्हणाली, "बरा आहे. कूट विसरलीस."

संध्याकाळी भांडी बाजारातून आणलेलं तांब्याचं मोदकपात्र चढवलं.
आज चंद्रोदय नऊ छत्तीस.
गच्चीवर दोघी. उड्डाणपुलावरून ट्रक जातायत मुंबईकडे,
मोबाइल टॉवरचा लाल दिवा उघडझाप करतोय,
आणि पूर्वेला आडगावच्या बाजूला नुसते ढग.
पावणेदहा. दहा. सव्वादहा.
खाली मोदक निवतायत.
आईचे गुडघे. मी म्हणते, तू जा, मी बघते.
ती कठड्याला धरून उभीच.

"तिकडे उगवून अडीच तास झाले असतील ना?"
झाले असतील.
"त्या बाईंच्या भिंतीमधून दिसत असेल?"
बहुतेक.
आई ढगांकडे बघत पदर सारखा करते.
"मग त्यांचा धरू या. चल."