दातांत धरलेली काठी

लिक्सेलेच्या बाहेर, नदी वळते तिथे
रॅग्नवालची पत्र्याची शेड, बाहेर उणे अकरा.
बाबांची व्हॉल्वो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
रोलरवर पट्ट्यांनी जखडलेली,
बॉनेट उघडं,
डॉक्टरसमोर आ केल्यासारखं.

कारखान्याने दिलेला मेंदू आम्ही गेल्या आठवड्यात काढला.
नवा आहे तल्लख, पण तान्हा:
त्याला सगळंच ऐकू येतं
आणि कशाचाच अर्थ लागत नाही.
झडपा मिटल्या तरी दचकतो,
पिस्टन कुशीवर वळला तरी दचकतो,
दचकला की टायमिंग मागे ओढतो, चार अंश,
आणि गाडी चढावर धापा टाकते.

सेन्सर मी स्वतः बसवला.
ब्लॉकवरचा रंग खरवडून, वॉशरशिवाय,
लोखंडाला लोखंड भिडवून,
वीस न्यूटन मीटर.
सैल राहिला तर बहिरा,
फार आवळला तरी बहिरा.
सिलिंडरचा व्यास शहाण्णव मिलिमीटर,
म्हणजे ठणका सहा हजार हर्ट्झच्या किंचित अलीकडे.
हे गणित मी दोनदा केलं, कारण
नेमकं तेवढंच बाबांच्या कानांतून गेलंय.
एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत
करवतीने ओंडके कापता कापता
वरचे सगळे सूरही कापून नेले.

ते हेडफोन घेत नाहीत.
बर्चची एक काठी आहे त्यांची, वीतभर,
एक टोक ब्लॉकला टेकवतात,
दुसरं दातांत धरतात.
दाती तृण धरतात ते शरण जाणारे.
बाबा तसे दिसत नाहीत.
गुन्हेगाराची जबानी घेणाऱ्यासारखे दिसतात.

चौतीसशे फेऱ्यांवर रेषा उसळली.
मी टर्बोचा दाब उतरवला. उसळली.
पेट्रोल वाढवलं. उसळली.
टायमिंग इतकं मागे नेलं की एक्झॉस्ट लालबुंद,
तरी तिथेच, चौतीसशेवर, उसळली.
बाबांनी काठी दातांतून काढली.
"आतून नाही येत."
अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट,
पाना घेऊन अर्धा वेढा.
रेषा निजली.

मग उरलं ते खरं काम, जे मला आवडत नाही.
ठणका ओळखायला शिकवायचा
तर एकदा तो होऊ द्यावा लागतो.
थोडासाच. पूर्ण भारावर,
टायमिंग एकेक अंश पुढे ढकलत,
बोट कळीवर ठेवून.
पिस्टन माथ्यावरून उतरू लागला
की दहा अंशांपासून पन्नास अंशांपर्यंतच
खिडकी उघडायची,
बाकी वेळ कान बंद.
त्या एवढ्याशा खिडकीत जे वाजेल तेच खरं.

रोलर गरजत होते, पंखा गरजत होता,
आमच्यामध्ये उघडं बॉनेट,
त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता,
माझा त्यांना.
आणि मी बोलून टाकलं,
डिसेंबरपासून जिभेवर ठेवलेलं:
योतेबोरीला नोकरी मिळाली आहे, मी जाते आहे.
मोठ्याने नाही बोलले. म्हणून तर बोलले.

एकोणीस अंशांवर
बाबांचा हात बॉनेटच्या कडेवरून वर आला.
रेषाही उसळली.
आधी कोण, मला सांगता येणार नाही.
लॉगमध्ये फक्त रेषा आहे.

मी दोन अंश मागे घेतले,
उंबरठ्याची ओळ आखली, गोंगाटाच्या जरा वर,
फाईलला तारीख घातली.
रॅग्नवालने कॉफी आणली, सोबत
वेलदोड्याचे सुकलेले बन.
बाबांनी काठी बाहीला पुसून खिशात ठेवली,
दातांच्या खुणा असलेलं टोक वर.

बन कॉफीत बुडवत म्हणाले,
"कधी निघतेस?
हिवाळी टायर बदलल्याशिवाय जाऊ नकोस."